विल्माची बस फॉरवर्डमधून कुणी गाळली?

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अमेरिकन धावपटू विल्मा रुडॉल्फ येते. मजकूर ठरलेला. पोलिओ झालेली गरीब मुलगी. डॉक्टर म्हणाले, हिचे पाय कधी जमिनीला टेकणार नाहीत. आई म्हणाली, श्रद्धा ठेव. नवव्या वर्षी मुलीने डॉक्टरांना न जुमानता पायातला ब्रेस, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, काढून फेकला. शर्यतीत आधी शेवटची, मग पुन्हा शेवटची आणि एक दिवस पहिली. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये तोवर कुणालाच न हरलेल्या युटा हाइनला तिने तिन्ही शर्यतींत हरवलं, तिसरीत, म्हणजे रिलेत, तर हातून पडलेलं बॅटन (धावपटू एकमेकींच्या हातात देतात ती दांडी) उचलून. खाली ‘मनात आणलं तर काहीही अशक्य नाही’ आणि जोडलेले हात.

तीन सुवर्णपदकं खरी आहेत. उरलेल्यात इतकी मोडतोड आहे की एकदाचं लिहूनच टाकते.

सोप्यापासून सुरू करू. युटा हाइन (कुठे कुठे तिचं ‘जुत्ता हैन’ झालंय) ही जर्मन धावपटू १०० मीटरच्या अंतिम फेरीत नव्हतीच. तिथे रौप्य ब्रिटनच्या डोरोथी हायमनला आणि कांस्य इटलीच्या ज्युसेपिना लिओनीला मिळालं. २०० मीटरमध्ये हाइन दुसरी आली, हे बरोबर. आता बॅटन. ४ बाय १०० रिलेत अमेरिकेची वेळ ४४.५ सेकंद, जर्मनीची ४४.८. तीन दशांश सेकंदांत पडलेलं बॅटन वाकून कोण उचलतं? ल्युसिंडा विल्यम्सकडून विल्माकडे येताना ते निसटता निसटता राहिलं, एवढंच. आणि रिले म्हणजे चौघी. मार्था हडसन आणि बार्बरा जोन्स या उरलेल्या दोघींची नावं फॉरवर्डमध्ये कधीच नसतात.

डॉक्टर विरुद्ध आई हा भाग मात्र इतक्या सहज सोडून देता येत नाही, कारण विल्मा स्वतःही तो सांगायची: डॉक्टर म्हणाले चालणार नाही, आई म्हणाली चालशील, मी आईवर विश्वास ठेवला. पण त्या आईने, ब्लँचने, केलं काय? ती लोकांच्या घरी कामाला जायची, नवरा रेल्वेत हमाल. विल्मा त्याच्या बावीस मुलांतली विसावी. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं क्लार्क्सव्हिल हे त्यांचं गाव, आणि गावात काळ्यांना उपचार मिळणं दुरापास्त. मग आई पोरीला घेऊन दर आठवड्याला सुमारे ८० किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला जायची, काळ्यांसाठी मागे ठेवलेल्या सीटवर बसून. तिथल्या मेहॅरी मेडिकल कॉलेजात पायावर उपचार व्हायचे आणि घरी मालिश कशी करायची ते शिकवलं जायचं. अशी दोन वर्षं. घरी आई आणि भावंडं पाळीपाळीने दिवसातून चार वेळा तो पाय चोळायची. म्हणजे आईने डॉक्टरांना झिडकारलं नाही, डॉक्टर गाठायला तिने बस पकडली. ब्रेसही एका झटक्यात गेला नाही. बारा वर्षांची होईपर्यंत, आधी ब्रेस आणि मग खास बूट, असा कसला ना कसला आधार पायाला होताच.

‘मनात आणलं तर’ या ओळीशी माझं जुनं भांडण आहे. मलाही पोलिओ झाला होता. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर: दोन लोखंडी दांड्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्यापाशी कडी. उभं राहिलं की कडी खाली पाडायची, बसताना वर ओढायची. बाई वर्गात आल्या की सगळी मुलं उभी राहत आणि त्यानंतर क्षणभराने माझा ‘खट्’ असा आवाज. सातवीत असताना एका पाहुण्यांनी आम्हाला हीच ब्रेस फेकण्याची गोष्ट अगदी रंगवून सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलिपर कॉटखाली सरकवून मी मोरीकडे निघाले. उंबऱ्याशी पोचले आणि मनगट मोडून घेतलं. इच्छाशक्ती भरपूर होती हो, गुडघा ताठ धरणारा स्नायू नव्हता. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मारतो. जितक्या वाचतात तितक्यांच्या जोरावर व्यायामाने पाय सावरतो. विल्माच्या पुरेशा वाचल्या, माझ्या नाही. यात कुणाच्या जिद्दीचं मोजमाप होत नाही.

शेवटची, शेवटची, मग पहिली? तेही उलटं. शाळकरी स्पर्धांत ती फारसा सराव न करताच जिंकत होती. अलाबामातल्या टस्कीगीच्या मोठ्या स्पर्धेत दक्षिणेतल्या उत्तम मुली आल्या, तेव्हा एकही शर्यत तिच्या हाती लागली नाही. नुसत्या वेगाने भागत नाही हे तिला तिथे कळलं. टेनेसी स्टेट विद्यापीठाचे एड टेम्पल हे प्रशिक्षक तिला भेटले ते बास्केटबॉलच्या मैदानावर, रेफरी म्हणून. फॉरवर्डमधले टेम्पल ‘तुला कोणी रोखू शकत नाही’ म्हणतात. खरे टेम्पल उशिराच्या प्रत्येक मिनिटाला एक फेरी पळायला लावायचे. विल्मा एकदा झोपून राहिली, अर्धा तास उशीर, तीस फेऱ्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच मैदानावर हजर. १९५६मध्ये, सोळाव्या वर्षी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तिला रिलेचं कांस्य मिळालं. १९५८मध्ये तिला मुलगी झाली. मूल असलेल्या मुलींना संघात घ्यायचं नाही हा आपला नियम टेम्पलनी तिच्यासाठी मोडला. तिचं हे बाळंतपण फॉरवर्डमध्ये कुठेच सापडत नाही, का ते सांगायला नको.

आणि फॉरवर्ड रोमच्या स्टेडियममध्येच संपतो. तिथून ती क्लार्क्सव्हिलला परतली तेव्हा गावाने मिरवणूक आणि मेजवानी ठरवली, तीही प्रथेप्रमाणे गोरे वेगळे, काळे वेगळे. वीस वर्षांची विल्मा म्हणाली, असं असेल तर मी येणार नाही. ४ ऑक्टोबर १९६० रोजी त्या गावात काळे-गोरे पहिल्यांदाच एका सार्वजनिक समारंभात एकत्र आले आणि रात्री एकाच सभागृहात जेवायला बसले.