साताऱ्यात इंग्रज सोपे पडतात

साताऱ्यात बसून इंग्रज रंगवायचे म्हणजे घरच्यांची बोलणी खावी लागतात, ते एक ठीक आहे, पण खरं दुखणं वेगळंय. इंग्रज रंगवायला सोपे असतात. लई सोपे. लाल कोट, पांढरे पट्टे, काळी बंदूक, गुलाबी तोंड, पुढचा. आणि आपले मराठे रंगवायला घेतले की माणूस रडकुंडीला येतो.

आधी भानगड काय ते सांगतो. १५ मिलिमीटरचे, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे, कथलाच्या मिश्रणाचे सैनिक असतात, ते आपण रंगवायचे, टेबलावर मांडायचे आणि फूटपट्टी आणि फाशे घेऊन जुनी लढाई परत खेळायची. प्रशियाच्या सैन्यानं १८२४ च्या सुमाराला असला टेबलावरचा खेळ अधिकाऱ्यांना शिकवायला घेतला होता, त्यामुळं हा काही पोरखेळ नाही असं मी घरी अधूनमधून सांगतो. घरात अजून कुणी प्रशियाला मोजत नाही.

माझी लढाई असईची. २३ सप्टेंबर १८०३, आत्ताच्या जालना जिल्ह्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. एका बाजूला वेलस्ली, तोच जो पुढं वेलिंग्टन म्हणून नेपोलियनला भारी पडला, आणि दुसऱ्या बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले. आता हिशेब बघा. इंग्रजांकडं सगळी मिळून ९,५०० च्या आसपास माणसं, आपल्याकडं घोडदळ धरून ५०,००० च्या घरात. एका बाहुलीमागं ५० माणसं धरली तरी इंग्रज होतात १९० आणि आपले होतात १,०००. म्हणजे लढाई हरलो ते हरलो, वर रंगकामही पाचपट आपल्याच गळ्यात.

आणि ते एकसारखं असतं तर काय बिघडलं असतं? इंग्रजांचं कसं, आइस्क्रीमच्या काडीवर सात-आठ जण ओळीनं चिकटवायचे, एका हातासरशी सगळ्यांचे कोट लाल, दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे पट्टे पांढरे. फार तर कॉलर आणि कफचा रंग सांभाळायचा, ७४ वी हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडची पलटण, असेल तर पांढरा, ७८ वी असेल तर फिकट बदामी, की झाली पलटण तयार, रात्रीचं जेवण व्हायच्या आत. शिंद्यांच्या कवायती पलटणी पण तशा उरकतात. पण ते घोडदळ! एकाचा अंगरखा दुसऱ्यासारखा नाही, एकाची पगडी लाल तर शेजारच्याची हिरवी, कुणाच्या अंगावर शेला, कुणाच्या पाठीला ढाल, भाल्याच्या काठीचा रंग वेगळा, खोगिराच्या गादीचा वेगळा, आणि सगळं झालं की खाली घोडा आहेच. घोडे सगळे एका रंगाचे करून चालत नाही, एक कुमैत करायचा, एक अबलख, एक मुसकी, आणि हौस असेल तर एखादा पंचकल्याणी, ज्याचे चारी पाय खालून पांढरे आणि कपाळावर पट्टा. तो पट्टा नखाच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. तीन शून्यांचा ब्रश घ्यायचा, श्वास रोखायचा, मनगट टेबलाला टेकवायचं, टोक अगदी घोड्याच्या कपाळाजवळ न्यायचं, आणि नेमकं त्या क्षणी आत मिक्सर चालू होतो. शेंगदाण्याचा कूट. अख्खं टेबल थरथरतं आणि घोड्याला पट्ट्याऐवजी भुवई येते.

तोंडाचा प्रकार तर विचारूच नका. बाहेरून मागवलेल्या रंगाच्या बाटलीवर फ्लेश लिहिलेलं असतं आणि आत गुलाबी रंग निघतो. म्हणजे बाटलीतून थेट लावला की इंग्रज तयार. आपल्या माणसाला मात्र बर्न्ट सिएना घ्या, त्यात यलो ऑकर घाला, थोडा काळा, आणि परत सगळे एकाच भावकीतले वाटू नयेत म्हणून प्रत्येकाला कमीजास्त करा. मराठा फौजेचा रंगकामात एकच फायदा, मिशा. तोंड कितीबी चुकू दे, वरनं मिशी ओढली की झाकलं जातं. डोळे मात्र काढू नयेत. या मापाला डोळे काढले की सगळी फौज मध्यरात्री अचानक लाईट आल्यासारखी बघत बसते.

हे झालं ब्रशचं. त्याच्या आधी प्रायमरचा स्प्रे मारावा लागतो, नाहीतर धातूवर रंग धरत नाही, आणि तो मारायला गच्ची लागते. उन्हाळ्यात गच्चीवर आईचं वाळवण असतं, कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस, आणि तिथं राखाडी स्प्रेचा डबा नुसता हातात दिसला तरी आई खालनं आवाज देते. पावसाळ्यात हवा दमट, त्यात शेवटचं मॅट वॉर्निश मारलं तर पांढरी बुरशी चढल्यासारखी छटा येते, अख्खं पथक भस्म लावून आल्यागत दिसतं. थंडीत हवा कोरडी आणि छान, पण अजिंक्यताऱ्याकडनं असं वारं सुटतं की स्प्रे सैनिकाला सोडून आपल्यालाच लागतो. तर वर्षातले राहिलेले जे दिवस असतात त्या दिवशी नेमकं कुणाचं तरी लग्न असतं.

आता घरच्यांकडं येतो. आमचे सासरे पुसेगावकडचे, जनावराची पारख असलेला माणूस, सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैल बघत लहानाचे मोठे झालेले. ते आले की पहिलं टेबलापाशी येतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि एकेक घोडा उचलून पोटाखालनं बघतात. "जावईबापू, ह्याचा मागचा पाय असा पडत न्हाय." मी म्हणलं, बाबा, तो साच्यातनंच तसा आलाय. "मग परत पाठवा."

मागच्या खेपेला त्यांनी लाल कोटवाल्यांची रांग बघितली.

"हे इंग्रज का?"

"नाही बाबा, हे मद्रासचे शिपाई. इंग्रजांच्या फौजेत गोरे थोडेच होते, बाकी आपलेच लोक. म्हैसूरचं घोडदळ पण होतं त्यांच्यात, आणि मराठा घोडदळ सुद्धा."

"मराठा? हिकडं?"

"हो."

"बरं. आन् हा गोरा कोण, टोपीवाला?"

"तो आपल्याकडचा. पोलमन. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर होता. जर्मन, हॅनोव्हरचा."

सासऱ्यांनी पोलमन खाली ठेवला, चहा बशीत ओतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे भावकीतलीच भांडणं. मग रंगवा की निवांत."

बायकोचा आक्षेप मात्र तात्त्विक आहे. ती म्हणते, "अहो, १८४८ ला डलहौसीनं आख्खं सातारा संस्थान खालसा केलं, आणि तुम्ही त्यांची माणसं पैसे देऊन परत घरात आणताय." ती इतिहासाची शिक्षिका आहे, तिच्याशी तारखांवरनं वाद घालण्यात अर्थ नाही. मी म्हणलं अगं पण आपले पण आणलेत की. तर म्हणाली, "ते कुठायत? मला तर लालच दिसतायत सगळीकडं." आणि तिचं खरं होतं, म्हणजे शोकेसमध्ये वरचे दोन्ही कप्पे वॉर्निश मारलेल्या लखलखीत इंग्रजांनी भरलेले आणि मराठे खाली बुटाच्या खोक्यात, निम्मे राखाडी, निम्मे बिनघोड्याचे.

यावर माझ्या सांगलीच्या मित्रानं तोडगा काढला. हा मित्र माझ्याबरोबर खेळतो, येताना भडंग आणतो आणि बोलतो फार कमी. तो म्हणाला, "असईत मराठा घोडदळ बव्हंशी लढाईत उतरलंच नव्हतं, लांब उभं राहिलं. मग रंगवतोस कशाला? टेबलाच्या कडेला एक चिठ्ठी ठेव, घोडदळ म्हणून." शास्त्राला धरून आहे हे, मान्य. लढले ते पोलमनच्या पलटणी आणि तोफखाना, जवळपास शंभर तोफांचा, ज्यानं ७४ व्या हायलँडरची पार वाताहत केली, गोलंदाज तर तोफा सोडून हलले नाहीत. पण म्हणून घोडदळाच्या जागी चिठ्ठी? साताऱ्यात? उद्या सासऱ्यांनी विचारलं घोडे कुठायत तर त्यांना काय, कागद दाखवू?

म्हणून मी जिद्दीनं एक पथक पुरं केलं. प्रत्येक पगडी वेगळी, प्रत्येक घोडा वेगळा, तळाला वाळू चिकटवून वरनं खोटं गवत, सगळं. सगळा पावसाळा त्यात गेला आणि वॉर्निशसाठी दसऱ्यापर्यंत थांबलो. मग खेळ लावला. या खेळात एक जुना समज आहे की नवी रंगवलेली तुकडी पहिल्याच दिवशी पळते. मी त्याला थोतांड समजायचो. पहिल्याच फेरीत इंग्रजांच्या एका तोफेनं लांबनं आमच्या पथकाला ढोसलं, हिमतीचे फाशे टाकले, एक आणि एक. पथक वळलं आणि टेबलावरनं थेट भडंगाच्या पुड्यापाशी जाऊन उभं राहिलं. मित्र म्हणाला, "चिठ्ठी असती तर एवढं वाईट वाटलं नसतं."

त्यात दिवाळी आली. खालच्या मजल्यावरचा पोरगा किल्ला करत होता, माती, दगड, वरनं अळीव पेरलेला, सगळं व्यवस्थित, आणि तो मावळे मागायला आला. मी म्हणलं बाळा, बाजारात मातीचे छान मिळतात की, हे फार बारीक आहेत. तेवढ्यात बायको आतनं म्हणाली, "मावळे कशाला, इंग्रज द्या, पुष्कळ आहेत." आणि मी काही बोलायच्या आत तिनं वरच्या कप्प्यातले डझनभर लाल कोटवाले त्याच्या ओंजळीत ओतले. पोरानं त्यांना तळघरात कैदी म्हणून ठेवलंय, वर मुठीएवढा मातीचा मावळा पहाऱ्याला, कैद्यांच्या तिप्पट उंच.

येत्या रविवारी सांगलीवाला परत खेळायला येतोय आणि माझी ७८ वी हायलँडर तळघरात अडकलीय. काल मागायला गेलो तर पोरगा म्हणाला तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला मोडत नाही, आधी पाहिजे असतील तर बदल्यात दोन तोफा द्या. मी एकीवर अडून बसलोय. सासरे उद्या येतायत, त्यांना मध्यस्थीला पाठवायचा विचार होता, पण बायको म्हणते ते तीन मागून येतील.