आइस्क्रीमवरची चेरी प्लास्टिकची नाही, आत्या!

काल रात्री आत्याने नातवाच्या आइस्क्रीमवरची लाल चेरी चमच्याने उचलली आणि सरळ कचऱ्यात टाकली. पोरगं रडून रडून हैराण. कारण काय, तर फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: ही चेरी प्लास्टिकची असते, प्रेतं टिकवतात त्या फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, पोटात सात वर्षं राहते, अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा हा नकली माल निघाला. आत्याने तो पुढेही पाठवला होता.

सात वर्षांचं सोडूनच द्या. चुइंगमबद्दलही हीच थाप ऐकत मोठे झालो.

आता प्लास्टिक. आपल्याकडे केक-आइस्क्रीमवर येते ती 'चेरी' पुष्कळदा चेरी नसते, हे खरं. ते करवंद असतं! कच्ची करवंदं बिया काढून, रंग देऊन साखरेच्या पाकात मुरवतात. खऱ्या चेरीत एकच टणक आठळी असते, करवंदात बारीक चपट्या बिया. आज सकाळी आत्यासमोर डब्यातल्या चार चेऱ्या सुरीने कापल्या. तिसरीत दोन बिया राहिलेल्या निघाल्या. जिचं लहानपण जाळीतली करवंदं तोडण्यात, हाताचा चीक खरवडण्यात गेलं, तिला सांगावं लागलं नाही.

सगळ्यात संताप येतो तो फॉर्मॅलिनचा. मूळची माराश्का चेरी डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरची, आजच्या क्रोएशियातल्या झादरकडची. ती मारास्किनो नावाच्या मद्यात मुरवत. पुढे ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट विगंड यांनी १९२०च्या दशकात चेरी लिबलिबीत होऊ नये म्हणून खारवण्याच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार घालायची रीत बसवली. खारवताना सल्फर डायऑक्साइडने फळाचा रंग उडतो, मग ते धुऊन रंग आणि पाक देतात. यात फॉर्मॅलिन कुठे आलं? प्रेताचं नाव घेऊन घाबरवायचं, बस!

दारूबंदीचंही तसंच. ती लागू झाली १९२० साली. पण माराश्का चेरी मारास्किनोत मुरवलेली नसेल तर तिला नकली म्हणा, असं अमेरिकेच्या कृषी खात्याने १९१२ सालीच ठरवलं होतं. म्हणजे बिनदारूची चेरी आधीपासूनच बाजारात होती.

एक मान्य करतो, रंगाचं. अशा चेरीत वापरतात त्या एरिथ्रोसिन रंगाची खाद्यपदार्थांतली परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५मध्ये काढून घेतली, उत्पादकांना जानेवारी २०२७पर्यंत मुदत दिली. डब्यावर १२७ क्रमांक दिसला तर तो हाच. रोज वाटीभर मीही पोराला देणार नाही. पण मग रंगाबद्दल लिहा ना!

आत्या, ज्यांना ज्यांना तो मेसेज पाठवलास, त्या सगळ्यांना आता त्या दोन बियांचा फोटो पाठव.