हवाई रसदीची गोष्ट बर्लिनपासून नाही, कुतपासून सुरू होते

हवाई रसदीचा विषय निघाला की गाडी थेट १९४८ च्या बर्लिनला, म्हणजे रशियानं रस्ते अडवल्यावर विमानांनी पोसलेल्या पश्चिम बर्लिनला, जाऊन थांबते. मला याचा जरा रागच येतो. वेढ्यात अडकलेल्या फौजेला विमानातून जेवू घालायचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो इराकमधल्या कुतला, पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१६ मध्ये. आणि खाली आभाळाकडे डोळे लावून बसली होती ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन! १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या.

तिग्रिसच्या वळणातलं हे गाव तुर्कांनी डिसेंबर १९१५ पासून आवळलेलं. धान्य होतं तेव्हा दळायची पंचाईत, म्हणून विमानातून चक्क जात्याचे दगड टाकले. पुढे धान्यही संपलं. मग पोती यायला लागली. त्यातली काही नदीत, काही तुर्कांच्या खंदकात.

आता हिशेब बघा. ठरलं होतं रोज ५,००० पौंड. १५ ते २९ एप्रिल या काळात सुमारे १४० फेऱ्यांत पडले एकूण १९,००० पौंड. म्हणजे फेरीला साठेक किलो. आपल्याकडे हमाल एका खेपेत पाठीवर याहून जास्त नेतो. खाणारे सैनिक आणि फौजेतले नोकर मिळूनच तेरा हजारांच्या घरात, गावकरी वेगळे. माणशी दिवसाला पन्नास ग्रॅमसुद्धा नाही. २९ एप्रिलला डिव्हिजनचा सेनापती जनरल टाऊनशेंड शरण गेला.

वैमानिकांना मी बोल लावणार नाही, विमानंच टेहळणीची होती. पण वजनाचं गणित आधी कागदावर मांडता आलं असतं की नाही? आणि एवढं होऊनही १९४२ मध्ये हिटलरचा हवाईदल प्रमुख गोरिंगनं रशियातल्या स्टालिनग्राडला वेढ्यात सापडलेल्या जर्मन फौजेसाठी तोच शब्द दिला. तिथेही अडकलेली आर्मी सहावीच. दिवसाला किमान ३०० टन हवे होते, पोचले सरासरी शंभराच्या आसपास.

बर्लिनला हे सुधारलं ते अमेरिकन जनरल टनरनं. हिमालयावरून चीनला माल नेण्याचं काम त्यानं आधी सांभाळलं होतं. त्याचा नियम रुक्ष: पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही, तर माल घेऊन सरळ परत जा, आभाळात घिरट्या नकोत. एस.टी. डेपोच्या वेळापत्रकासारखा कारभार! १५-१६ एप्रिल १९४९ ला चोवीस तासांत १,३९८ फेऱ्या झाल्या. कुतला पंधरा दिवसांत १४०.

तुमच्याकडे कुणी पणजोबा-खापरपणजोबा तेव्हा ‘बसऱ्याला’, म्हणजे इराकच्या आघाडीवर, गेले होते का? आभाळातून पडलेल्या जात्याची गोष्ट घरात कुणी सांगितली असेल, तर खाली लिहा.