कृष्णाकाठचा रस्ता काठावर नसतो

पाऊस सरला, की आम्हा सायकलस्वारांच्या गटांवर घाटांची छायाचित्रे येऊ लागतात. पसरणी कोणी किती मिनिटांत चढला, आंबेनळीत कोणाची साखळी तुटली, वरंधमध्ये एकूण चढाई किती मीटर झाली, याच्या चर्चा होळीपर्यंत पुरतात. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण मीही कित्येक वर्षे हेच केले आहे. 200 किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी केल्याचे पदक आजही घरात खिळ्याला टांगलेले आहे. यंदा मात्र दिवाळीच्या आधी, वाईजवळच्या धोमपासून कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरपर्यंत, साधारण तेवढेच म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर अंतर मी कृष्णेच्या सोबतीने चार दिवस रमतगमत कापले. परतल्यावर अनेकांनी एकच प्रश्न विचारला, की नदीकाठाने सलग सायकल ट्रॅक झाला तर किती बरे होईल, नाही का? माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते सविस्तर देण्यासाठी ही पोस्ट लिहीत आहे.

हा प्रश्न बहुधा युरोपातल्या डॅन्यूबच्या चित्रांमुळे पडतो. जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंतचा तीनशेहून अधिक किलोमीटरचा सायकलमार्ग बऱ्याच ठिकाणी अगदी पाण्याला लागून जातो आणि म्हणूनच तो जगप्रसिद्ध आहे. पण तो तसा जातो याला इतिहास आहे. प्रवाहाविरुद्ध माल नेणाऱ्या नावा एके काळी काठावरून घोडे ओढत असत, त्या घोड्यांसाठी पाण्यालगत वाट राखली गेली होती आणि पुढे तिच्यावरूनच सायकली धावू लागल्या. आपल्या कृष्णेवर नाव चालली ती मुख्यतः या तीरावरून त्या तीरावर. त्यामुळे नदीला समांतर जाणारी पाण्यालगतची वाट येथे कधी पडलीच नाही. येथे वाट पडली ती गावातून घाटाकडे, पाणवठ्याकडे, म्हणजे नदीला काटकोनात.

कृष्णाकाठची जुनी माणसे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. नदीच्या अगदी कडेला, पुराने आणून टाकलेल्या गाळाची जी पट्टी असते ती मळी. कृष्णाकाठच्या वांग्यांचे जे कौतुक सांगलीपासून पुण्यापर्यंत चालते, ते या मळीचे देणे आहे. पूर दरवर्षी जिथे येतो तिथे कोणी घर बांधत नाही, म्हणून पांढरी उंचावर. आणि एका पांढरीतून दुसरीकडे जाणारा रस्ताही तितक्याच उंचीवरून. या रस्त्याने निघालेल्या सायकलस्वाराला नदी सारखी दिसत नाही. ती पाहायची तर प्रत्येक गावात उतरून घाटापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने पुन्हा वर यायचे. नकाशावर माझ्या चार दिवसांच्या प्रवासाची रेघ काढली, तर ती कंगव्यासारखी दिसते. पहिल्या दिवशी मला याचा त्रास झाला. दुसऱ्या दिवशी ध्यानात आले, की या खोऱ्याची रचनाच अशी आहे.

वाई सुमारे 700 मीटर उंचीवर आहे आणि सांगली सुमारे 550 मीटरवर. म्हणजे नदी प्रत्येक किलोमीटरला एक मीटरही उतरत नाही. हे आकडे पाहून मी सोबत्याला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, की हा सगळा प्रवास सपाटीचा आहे. नदीपुरते ते खरे होते, रस्त्यापुरते नव्हते. सह्याद्रीकडून वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना अशा नद्या येतात, शिवाय नाव नसलेले ओढे शेकडो, आणि प्रत्येक ओढ्याशी रस्ता खाली जातो नि वर येतो. या चढांची छायाचित्रे कोणी टाकत नाही, परंतु दिवसाअखेरीस मांड्यांना त्यांचा हिशेब बरोबर कळतो.

वाई ते माहुली हा टप्पा मला सर्वांत आवडला. धोमच्या धरणाखालून निघाले, की मेणवलीचा घाट लागतो. तिथल्या लहानशा देवळात वसईच्या मोहिमेनंतर आलेली, 1707 हे साल कोरलेली पोर्तुगीज घंटा आहे. वाईचे घाट सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांविषयी लिहीत नाही. परंतु लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीपाशी मी जवळजवळ दोन तास थांबलो. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली ही विहीर सुंदर आहे, हे मी आधी ऐकले होते. सायकलवरून तिथे पोहोचल्यावर एक वेगळाच प्रश्न पडला. कृष्णा एवढी जवळ असताना इतकी मोठी विहीर कशासाठी? महामार्गाने मोटारीत बसून आलो असतो, तर हा प्रश्न सुचलाही नसता. पण मी नुकताच लिंबच्या घाटावरून सायकल ढकलत वर आलो होतो. नदीचे पात्र किती खोल आहे आणि तेथून पाणी शेतापर्यंत उचलणे म्हणजे काय, याचा अंदाज मला खांद्यांतून आला होता. माझी अटकळ अशी, की नदी शेजारी असणे आणि नदीचे पाणी हाताशी असणे या तेव्हा दोन निराळ्या गोष्टी होत्या. आज गावोगावच्या उपसा योजनांमुळे आपण हा फरक विसरून गेलो आहोत.

क्षेत्र माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. तेथून पुढे महामार्ग टाळण्यासाठी आम्ही पूर्वेकडच्या बाजूने रहिमतपूर आणि मसूरवरून कराडला गेलो. अंतर वाढले आणि नदीही दूर राहिली, तरीही राष्ट्रीय महामार्ग 48 वरच्या मालमोटारींच्या कडेने जाण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. कराडला उत्तरेकडून येणारी कृष्णा आणि समोरून येणारी कोयना एकमेकींना सरळ भिडतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. प्रीतिसंगम हे नाव अनेकदा ऐकले होते, परंतु एवढ्या दोन नद्या समोरासमोर येऊन काटकोनात वळतात, हे विद्यानगरकडून पूल ओलांडून घाटावर उतरेपर्यंत मला नीट उमगले नव्हते.

कराडच्या खाली खोरे रुंद होते आणि उसाचे राज्य सुरू होते. खरे सांगायचे, तर हा भाग कंटाळवाणाही आहे. दिवाळीच्या सुमारास ऊस पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला असतो, दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती उभ्या राहतात, वारा लागत नाही आणि नदी दिसत नाही. ऊस तोडल्यावर दृश्य मोकळे होते, पण तेव्हा कारखान्यांचा हंगाम चालू असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले, मोठ्याने गाणी लावलेले ट्रॅक्टर त्याच अरुंद रस्त्यावर असतात. म्हणून पाऊस थांबल्यापासून हंगाम सुरू होईपर्यंतचे तीन-चार आठवडे मला या प्रवासासाठी योग्य वाटतात. बहे गावाजवळ नदी दुभंगून मध्ये रामलिंगाचे बेट तयार झाले आहे, तिथे समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे. उसाच्या भिंतींतून अचानक त्या मोकळ्या पात्रापाशी आल्यावर दुपारचा सगळा शीण गेला.

या भागात पलीकडच्या तीरावर जाण्याचे उत्तम साधन म्हणजे कोल्हापुरी बंधारे. पावसाळ्यानंतर त्यांत बरगे (फळ्या) घालून पाणी अडवतात आणि वरच्या अरुंद फरशीवरून दुचाकी, म्हशी आणि शाळेची मुले ये-जा करतात. कठडा नसतो, म्हणून मी उतरून चालत गेलो. एका म्हाताऱ्या शेतकरीबाबांनी “पुढं पाणंद हाय, पर चिकूल आसंल” असे बजावले होते. पाणंद म्हणजे शेतांमधली कच्ची वाट. त्यांचे न ऐकल्याची शिक्षा म्हणून अर्धा तास मडगार्डमधला काळा चिखल काडीने उकरत बसलो. चिखल संपला तिथे बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला.

आता ट्रॅकविषयी. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले होते, आणि तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे. जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला. वाटेतल्या अनेक घरांच्या भिंतींवर त्या पाण्याच्या रेघा अजून दाखवतात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे साठवणीची भुयारे, पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली कोरडी राहिली, आणि 2005 च्या पुराने त्यांचीही दैना केली. अशा नदीच्या मळीत सिमेंटचा ट्रॅक बांधणे म्हणजे दोन-चार वर्षांनी गाळाखाली जाणारी वस्तू विकत घेणे होय. शिवाय त्यासाठी जाणारी जमीन खोऱ्यातली सर्वांत कसदार असेल. त्यापेक्षा पांढरीवरचे जे रस्ते शतकानुशतके पुराच्या वर राहिले आहेत, त्यांवर प्रत्येक फाट्याला घाटाकडे जाणारी एक पाटी लावावी आणि दोन गावांमधली तुटलेली पाणंद मुरूम टाकून जोडावी. रुंदीकरणाच्या नावाखाली कडेचे वड आणि चिंचा तोडू नयेत. मुक्कामाची सोय करण्याची गरजच नाही, कारण औदुंबरला आणि नरसोबाच्या वाडीला भक्तनिवास आहेत. सायकल कोठे लावायची, हा प्रश्नही तिथे आम्हाला पडला नाही.

शेवटच्या दिवशी वाडीला पंचगंगेचा संगम पाहून, कुरुंदवाडवरून खिद्रापूर गाठले. तिथल्या कोपेश्वराच्या जुन्या देवळातल्या स्वर्गमंडपात गोल उघड्या छताखाली बूट काढून बसलो, तेव्हा चौथ्यांदा पंक्चर झालेले चाक बाहेर भिंतीला टेकलेले होते.

एक विनंती आहे. वाळव्याकडून औदुंबरला जाताना आम्हाला दोनदा शेतातून परत फिरावे लागले, आणि नाइलाजाने मोठा रस्ता धरावा लागला. त्या भागातील कोणाला बारमाही चालणारी पाणंद माहीत असल्यास कृपया कळवावे. फेब्रुवारीत, तोड झाल्यावर, तेवढाच टप्पा पुन्हा करण्याचा विचार आहे.