देखभालीला नारळ फुटत नाही

निवडून आलात, अभिनंदन. चार वर्षं प्रशासकाने चालवलेली नगरपरिषद आता तुमच्या ताब्यात आली. उद्या सकाळपासून ओटीवर माणसं येऊन बसतील. कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या नळाला करंगळीएवढी धार. घाबरू नका, चहा द्या. आणि पहिलं सूत्र लक्षात ठेवा: आहे ते नीट राखायच्या फंदात पडू नये. नळाचा वॉशर बदलला म्हणून पालकमंत्री येत नाहीत, मोरी उपसली म्हणून कोनशिला बसत नाही. नव्या कामाला मात्र नारळ फुटतो, फोटो निघतो, बॅनर लागतो. आणि नारळाला आपल्या कोकणात काय तोटा?

कुणी खडूस निवृत्त मास्तर १९६५चा नगरपरिषद अधिनियम घेऊन येईल. त्याच्या ४९व्या कलमात रस्ते, गटारं, दिवाबत्ती, पाणी ही नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं म्हणून लिहिलेली आहेत. ऐकून घ्या. सेल्फी पॉइंटचं नाव त्यात नाही. तेव्हाच्या लोकांना एवढी दूरदृष्टी कुठली!

आता रस्ते. डांबराचा वैरी पाणी, हे खडी टाकणारा कुठलाही मुकादम सांगेल. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणून रस्ता मधे उंच लागतो, कडांना उतार लागतो आणि कडेला वाहतं गटार लागतं. एवढं जमलं तर साधा डांबरी रस्ताही बरीच वर्षं निघतो, आणि तसा निघाला तर तुम्ही पाच वर्षं करणार काय? तेव्हा गटाराकडे पाहूच नका. पाणी तुंबेल, कडेने खडीत शिरेल, खडी डांबराला सोडेल, वरून एसटी जाईल आणि काम पूर्ण होईल. फारच आरडाओरडा झाला तर मे अखेरीला गाळ काढून तो गटाराच्याच काठावर ठेवावा. मिरगाच्या पहिल्या सरीला तो आपणहून जागेवर परत जातो. इतका वक्तशीर कर्मचारी नगरपरिषदेत दुसरा नाही.

खड्डे भरायचा मुहूर्त गणपतीच्या आधीचा आठवडा. चाकरमानी यायच्या आत चिरेखाणीचा लाल चुरा ओतायचा. गौरी जाईपर्यंत त्याचा चिखल होतो, पण तोवर गाड्या मुंबईला लागलेल्या असतात. अभियंता कुरकुरेल, की खड्डा चौकोनी कापून, आतलं सैल काढून, डांबर मारून मग भरायचा असतो आणि त्यावर रोलर फिरवायचा असतो. त्याला विचारा, भर पावसात? तो गप्प बसेल. तोच प्रश्न त्याला ऑक्टोबरात उघडीप पडल्यावर विचारायचा नाही, एवढं पथ्य तुम्ही पाळा.

दोष दायित्व कालावधी नावाची एक भानगड आहे. ठरलेली काही वर्षं रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. ही गोष्ट चारचौघांत बोलू नये. कामाच्या फलकावर तुमचं नाव हातभर, ही तारीख मुंगीएवढी. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये द्या आणि ते दोषींकडून वसूल करा असं बजावलंय, म्हणून सावधगिरी हवी. खड्ड्याला यापुढे खड्डा म्हणू नका. ‘कामाच्या प्रगतीपथावरील भाग’ म्हणा.

खोदाईचा क्रमही पाठ करून ठेवा: आधी डांबर, मग पाण्याची लाइन, मग विजेची केबल, मग इंटरनेटची. २०२०च्या निसर्ग वादळात खांब आडवे झाले, तेव्हापासून तारा जमिनीखालून हव्यात हे किनाऱ्यावर पोरालाही कळतं. पण सगळ्यांनी मिळून एकच चर खणावा असं कुणी सुचवलं तर तातडीने समन्वय बैठक लावा. बैठकीला ज्या खात्याचा माणूस येत नाही, त्याचा जेसीबी दुसऱ्या दिवशी दारात उभा असतो.

पाण्यात मात्र खरी कारकीर्द आहे. एवढा पाऊस पडूनही एप्रिलात टँकर कसा, हे बाहेरच्याला समजत नाही. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर, उतार तीव्र, पाणी बघता बघता खाडीला मिळतं. जांभा सच्छिद्र, पाणी पितो आणि दिवाळीनंतर झऱ्यांतून सोडूनही देतो. त्यामुळे धरणात उरतं ते जपून शहरभर न्यायचं असतं. जपण्याच्या भानगडीत तुम्ही पडणार नाहीच.

गळती शोधायची रीत साधी आहे. रात्री दोनला, नळ बंद असताना, टाकीतून बाहेर पडणारं पाणी मोजायचं. कुणी वापरत नसताना जे वाहतंय ते गळतंय. यासाठी टाकीच्या तोंडाशी चालू मीटर लागतो. तो बसवू नका. मोजलं नाही तर गळती सिद्ध होत नाही, आणि गळती नाही म्हटल्यावर तुटवडा धरणाचा ठरतो. मग धरणाची उंची, नवी योजना, पाणी उपसायला नवी जॅकवेल. पुन्हा नारळ.

पाणी एक दिवसाआड सोडावं. लाइन बाकीचे तास रिकामी राहते, आणि रिकाम्या लाइनला बाहेरची ओल आत घ्यायची सवय असते. आपली लाइन बऱ्याच ठिकाणी गटारातूनच गेलीय, त्यामुळे आत काय जातं ते सांगायला नको. त्यात आळीतल्या चार घरांनी नळाला थेट मोटर लावली की ओढ आणखी वाढते. (या चार घरांवर कारवाई करू नका. त्यातलं एक तुमच्या प्रचारप्रमुखाचं आहे, दुसरं कदाचित तुमचंच.) नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं असं भारतीय मानक म्हणतं. टोकाच्या घरात टीसीएलचा, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचा, वासही येत नसेल तर पाणी नैसर्गिक आहे म्हणून सांगा. कावीळ झालीच तर लोक जत्रेतल्या सरबताला दोष देतात.

आणि वॉलमन, म्हणजे लाइनचे वॉल उघडबंद करणारा माणूस! लाइनचा नकाशा नगरपरिषदेत नसतो, तो वॉलमनच्या डोक्यात असतो. कुठला वॉल किती फेरे फिरवला की वरच्या वाडीत पाणी चढतं, हे त्यालाच ठाऊक. तो ठेकेदारी पगारावर, तोही दोन-दोन महिने थकलेला. त्याच्याजवळ बसून नकाशा कागदावर उतरवून घ्यायला आठवडा पुरेल आणि खर्च दोन वह्यांचा. इतक्या स्वस्त कामाला मंजुरी कोण देणार? परवा फुटलेल्या लाइनपाशी साहेब विचारत होते, वॉल कुठाय? तो म्हणाला, “वॉल हयच होतो साहेबानू. तुमी तेच्यार डांबार घातलात.”

बागेचं थोडक्यात आटोपतो, कारण तिथे फार कष्ट नाहीत. खाऱ्या वाऱ्याला टिकणारी उंडी, करंज, सुरू ही झाडं टाळावीत, ती जगतात. त्याऐवजी हिरवळ लावावी, कारंजं बसवावं, त्याला रंगीत दिवे. माळी नेमू नये. खाऱ्या हवेत लोखंडी झोपाळ्याला वेळच्या वेळी रंग लागतो. तो न दिल्यास साखळी तुटते आणि ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लावून कुलूप घालता येतं. जुन्या झाडाच्या बुंध्याला सिमेंटचा घट्ट पार बांधून घ्या. वादळात झाड पडलं की पार मोकळा होतो.

वेंगुर्ल्याकडे मात्र जाऊ नका. तिथे कचरा घरातच वेगळा करतात, प्लॅस्टिकचे तुकडे डांबरात घालतात, कचरा डेपोच्या जागेवर असं काही करून ठेवलंय की माणसं बघायला येतात. अभ्यास दौरा काढायचाच तर केरळला काढा. लांब असतं, आणि परत आल्यावर ‘तिथली परिस्थिती वेगळी’ म्हणता येतं.

शेवटी अंदाजपत्रक. ‘देखभाल व दुरुस्ती’ या शिर्षाखाली रक्कम जरूर धरा, चांगलं दिसतं. फेब्रुवारीत ती पुनर्विनियोजनाने स्वागत कमानीकडे वळवा, ३१ मार्चच्या आत बिल काढा. एखादा चिकट माणूस तरीही गटाराचं विचारत राहिला तर सांगा, प्रस्ताव पाठवलाय. कुठे पाठवलाय, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच, तर मुख्याधिकाऱ्यांची बदली झालेली असते.