‘फुटक्या रांजणा’चा संदेश आणि बांगलादेशाची खरी हकीकत

गेल्या आठवड्यात कोथरूडला बहिणीकडे गेले असताना नववीतल्या भाचीची वही हाती आली. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने शेजारी राष्ट्रांवर भाषण लिहिले होते आणि त्यातला निम्मा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या एका संदेशातून शब्दशः उतरवलेला होता. संदेशाचे म्हणणे असे: बांगलादेशाला १९७१ नंतर मिळालेली परदेशी मदत म्हणजे फुटक्या रांजणात ओतलेले पाणी, तो देश एकट्या भारताने उभा केला, जगाने नुसत्या सभा भरवल्या, मदतीचा पैसा संस्थांनी खाल्ला, खेड्यात एक पैसाही पोचला नाही, म्हणूनच तो देश आजही भिकेवर जगतो. मोठी माणसे असले काही पुढे पाठवतात तेव्हा मी सहसा बोलत नाही. परंतु शाळकरी मुलगी हेच व्यासपीठावरून इतिहास म्हणून सांगणार असेल, तर गप्प बसणे मला शक्य नाही.

‘एकट्या भारताने’ यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करते. सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार आपण उचलला. नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर पाच पैशांचे ‘शरणार्थी सहायता’ तिकीट जादा लावावे लागे; आईने जपून ठेवलेल्या त्या काळातल्या पत्रांवर ते अजून दिसते. युद्धात मोडलेला पद्मा नदीवरचा हार्डिंज पूल आपल्या मदतीने १९७२ मध्येच पुन्हा सुरू झाला. पण चित्तगावच्या बंदरात सुरुंग पेरलेले आणि जहाजे बुडालेली असताना परदेशातून येणारे धान्य उतरवायचे कुठे? ते बंदर १९७२ ते १९७४ या काळात सोव्हिएत नौदलाच्या पथकाने मोकळे केले आणि त्या कामात त्यांचा एक तरुण खलाशी दगावला. संयुक्त राष्ट्रांनी ढाक्यात मदतकार्याची स्वतंत्र यंत्रणा उभारली होती. याला नुसत्या सभा म्हणत नाहीत.

मला खरा संताप आला तो खेड्यात एक पैसाही पोचला नाही या वाक्याचा, कारण ते निव्वळ खोटे आहे आणि ज्या बायकांनी पायी फिरून ते काम केले त्यांचा तो अपमान आहे. फझले हसन आबेद यांनी लंडनमधले आपले घर विकून १९७२ मध्ये सिल्हेटच्या शाल्ला भागात, परतलेल्या निर्वासितांसाठी ब्रॅक ही संस्था सुरू केली. पुढे ऑक्सफॅमसारख्या परदेशी संस्थांचे पैसे तिला मिळाले. त्या पैशाचे काय झाले, हे एकाच कामावरून पाहा. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅकच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि जुलाबाने कोमेजलेल्या पोराला काय पाजायचे ते प्रत्येक आईला शिकवून आल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. पाण्याचे माप चुकू नये म्हणून घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून दिली जाई. महिनाभराने दुसराच कोणी काही निवडक घरांत जाऊन त्या आईला काय आठवते ते विचारी, तिच्याकडून ते पाणी करून घेई, त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जाई आणि आईला जितके नीट आठवले असेल तितके पैसे शिकवणारीच्या हाती पडत. इतका काटेकोर हिशेब आपल्याकडच्या किती योजनांत ठेवला जातो?

ही विद्याही आकाशातून पडली नव्हती. साठच्या दशकात ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत परदेशी पैशावर संशोधन झाले. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत आपल्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजण्याचा हा उपाय कॉलरा झालेल्या निर्वासितांवर वापरला आणि तिथले मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या उपायाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. भाचीला मी एवढा एकच संदर्भ दिला.

मदतीत राजकारण होते, भ्रष्टाचारही होता. तो मी झाकत नाही. क्यूबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने १९७४ च्या दुष्काळात धान्य अडवले. पण त्यातून मदत निरुपयोगी ठरत नाही, अडवणाऱ्याची नियत तेवढी उघडी पडते.

उरला भिकेचा मुद्दा. १९७१ च्या सुमारास वर्षाला सुमारे एक कोटी टन तांदूळ पिकवणारा हा देश आज साडेतीन कोटी टनांहून अधिक पिकवतो. १९७९ मध्ये ‘देश गारमेंट्स’ नावाच्या कारखान्याने सुमारे १३० कामगार कोरियाला शिकायला पाठवले आणि तिथून त्यांचा निर्यातीचा कपडा-उद्योग वाढला. जागतिक बँकेने २०१२ मध्ये पद्मा पुलाचे कर्ज रद्द केले, तेव्हा त्यांनी ६.१५ किलोमीटरचा तो पूल सरकारी तिजोरीतून बांधून २०२२ मध्ये खुला केला. २०२३ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतले हे खरे आहे. परंतु कर्ज व्याजासह फेडायचे असते, आणि आमच्या गटातल्या निम्म्या घरांवर बँकेचे कर्ज असताना त्यांना कोणी भिकारी म्हणत नाही. ज्यांनी हा संदेश गटावर टाकला त्या काकांनी किमान खेड्यांबद्दलचे ते वाक्य तरी त्याच गटावर मागे घ्यावे, ही माझी विनंती आहे.