डोप टेस्टच्या वाटेवर खेळाडूला कसे गायब करावे

गेल्या रविवारी इंदुरातल्या एका भारोत्तोलन स्पर्धेत, डोप टेस्टसाठी निवडलेल्या खेळाडूला परीक्षण कक्षापर्यंत सोबत करण्याचे काम माझ्याकडे होते. त्या दिवशी प्रशिक्षकांकडून आणि मामालोकांकडून मला जे शिक्षण मिळाले, ते स्वतःपाशीच ठेवणे कृपणपणाचे होईल.

परीक्षणासाठी निवड झाल्याच्या सूचनापत्रावर सही मागितली की पेन शोधायला लागावे.

ओळखपत्र हॉटेलवरच राहू द्यावे.

पदक समारंभ, पत्रकार, उपचार यांसाठी थांबायला नियमच परवानगी देतो, फक्त सोबतीणीची नजर खेळाडूवरून हटता कामा नये. तेव्हा आपण ही सवलत उदारपणे वाढवावी. आधी मामांचा सेल्फी, मग मामांच्या व्याह्यांचा, मग ज्यांना मुलीचे नावही ठाऊक नाही अशा पदाधिकाऱ्यांचा, आणि शेवटी, "ताई, सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाऊन दहा मिनिटांत आणून सोडतो." मी नाही म्हटले, तर मलाच उद्धट ठरवावे.

तहानलेल्या मुलीपुढे आपल्या पिशवीतली, गुलाबी पूड ढवळलेली उघडी बाटली धरावी. कक्षातल्या सीलबंद बाटल्यांतून तिला स्वतः निवडू द्या म्हटले, तर छाती पुढे काढून विचारावे, "आमच्यावर विश्वास नाही का?" मग तिला घाईघाईने इतके पाणी पाजावे की लघवीचा ९० मिलिलिटरचा नमुना भरूनही तो पातळ निघेल आणि तिला पुन्हा थांबावे लागेल. सकाळी वजनी गटात बसण्यासाठी घोटभर पाण्यालाही पारखी झालेली ती मुलगी रात्री साडेदहापर्यंत कक्षातल्या खुर्चीवर बसून होती, आणि आपण बाहेर माझ्या नावाने बोटे मोडत होता.

नाही हो काका, आपल्यावर विश्वास नाही, आणि तो ठेवणे हे माझे कामही नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते, पूड कोणीही ढवळलेली असो. परीक्षण चुकवले तर चार वर्षांपर्यंतची बंदी तिच्यावर येईल, मामांवर नाही. नमुना मधल्या वेळात बदलला असा संशय तिच्यावर कोणी घेऊ नये, म्हणूनच मी तिच्या मागे सावलीसारखी फिरत होते. आपण मात्र मला पोलीस समजून तिला माझ्यापासून पळवत होता. लाज वाटायला हवी. तिच्यासोबत कक्षात एका प्रतिनिधीला जाता येते, हे मी आपल्याला तीनदा सांगितले. प्रतिनिधीची ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती.